डाव्या हाताचा सूर

श्रोतेहो, नमस्कार. आज एका कोरियन वाद्याकडे कान लावू या. नाव गायागम. पॉलोनियाच्या हलक्या लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर पीळ दिलेल्या रेशमाच्या बारा तारा. प्रत्येक तारेखाली तिला उचलून धरणारी सुटी, सरकवता येणारी घोडी. तिला कोरियनमध्ये ‘आन्जोक’ म्हणतात, म्हणजे रानहंसाचं पाऊल.

११४५ सालच्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात या वाद्याची कथा आहे. सहाव्या शतकात गाया राज्याच्या गासिल राजाने ते घडवलं आणि उरुक नावाच्या संगीतकाराकडून बारा रचना करून घेतल्या. त्यांची नावं उरली, सूर मात्र हरवले.

वादक जमिनीवर बसतो, वाद्याचं एक टोक उजव्या गुडघ्यावर घेतो. उजव्या हाताची बोटं तार छेडतात, नखी न लावता. पण खरं गाणं पुढे सुरू होतं. डावा हात घोडीच्या पलीकडे तार दाबतो, हलवतो आणि विरत जाणारा सूर थरथरतो, वर चढतो, खाली उतरतो. याला ‘नोंगह्योन’ म्हणतात. ‘सान्जो’ या एकल वादनात तर लय संथपणे सुरू होऊन वाढत जाते. आपल्याला विलंबित-द्रुताची आठवण व्हावी अशी.

आता हेच वाद्य संगणकावर वाजवायचं म्हटलं, की खरी कसोटी डाव्या हाताची. एकेका तारेचा आवाज ध्वनिमुद्रित करून कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडता येतो. पण १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत, म्हणजे वाद्यं आणि संगणक ज्या भाषेत एकमेकांना आज्ञा देतात तिच्यात, सूर वाकवण्याची आज्ञा पूर्ण चॅनेलला, म्हणजे आज्ञा जाण्याच्या अख्ख्या वाटेला, लागू होते. सगळ्या तारा एकाच चॅनेलवर असतील, तर एका तारेला आंदोलन दिलं की बाकीच्या गुंजणाऱ्या ताराही हलतात. ऐकताना ते फार खटकतं. उपाय आहे: मिडीचे चॅनेल सोळा, तारा बारा. प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनेल द्यावा, आणि बोटाचा दाब ओळखणाऱ्या पृष्ठभागावर वाजवावं.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. हार्मोनियमवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही, या आक्षेपामुळे १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. मला मज्जाव पटत नाही; आक्षेप मात्र खरा होता. म्हणून डिजिटल गायागम जरूर वाजवा, पण आधी गायागमवादक ह्वांग ब्युंगी यांचं वादन ऐका. तार छेडल्यानंतरचे दोन-तीन क्षण नीट ऐका. सूर तेव्हा कुठे जातो, ते बोटाने हवेत काढून पाहा.