मसल कारच्या ब्रोशरवर विश्वास ठेवू नका

नमस्कार मंडळी! ही चिठ्ठी जरा नीट बघा. हिला टाइम स्लिप म्हणतात. ड्रॅग स्ट्रिपवर गाडी पळवून परत येताना एका छोट्या खिडकीतून ही तुमच्या हातात देतात. ही माझ्या एका मित्राच्या १९६८ च्या प्लायमथ रोडरनरची आहे. ३८३ घन इंचांचं व्ही-एट इंजिन, चार गिअर. कंपनीने तेव्हा ही गाडी विकताना सांगितलं होतं ३३५ हॉर्सपॉवर. या चिठ्ठीवरून हिशेब केला तर निघतात जेमतेम २७२. मग उरलेले त्रेसष्ट घोडे गेले कुठे?

आजचा व्हिडिओ त्यावरच. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन. या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या आकड्यांवर लोक तासन् तास भांडतात, आणि त्यातले निम्मे आकडे मुळातच बनवलेले असतात. काही फुगवलेले, काही मुद्दाम कमी केलेले.

आधी ड्रॅग रेस म्हणजे काय ते दोन वाक्यांत. विदर्भातला शंकरपट ज्यांनी पाहिलाय त्यांना फार समजवायला नको: सरळ पट, वळण नाही, शेजारी-शेजारी दोन जोड्या आणि सेकंदाच्या तुकड्यावर निकाल. इथे अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आपले ४०२ मीटर. अमेरिकेत या खेळाची मोठी संघटना म्हणजे एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन). वॉली पार्क्सने ती १९५१ मध्ये काढली. रस्त्यावर रेसा लावणाऱ्या पोरांना बंद पट्टीवर आणणं हा त्यातला मोठा हेतू.

आता खोट्या आकड्यांकडे. सुरुवात करू पॉन्टिअॅक जीटीओपासून, कारण मसल कारचा जमाना साधारण तिथूनच मोजतात.

१९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने (जीएम) पॉन्टिअॅकसकट आपल्या सगळ्या कंपन्यांना शर्यतींतून हात काढून घ्यायला सांगितलं. शिवाय मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही नियम होता. पॉन्टिअॅकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी यातून पळवाट काढली. नियम गाडीला होता, ऑप्शनला (वरून पैसे देऊन घ्यायच्या सामानाला) नव्हता! म्हणून १९६४ च्या टेम्पेस्ट लमाँ मॉडेलवर ‘जीटीओ’ नावाचं ऑप्शन पॅकेज आलं. तीनशे डॉलरच्या आत ३८९ घन इंचांचं इंजिन, म्हणजे जवळपास ६.४ लिटर. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. नाव सरळ फेरारीचं उचललेलं.

त्याच वर्षी मार्चच्या अंकात कार अँड ड्रायव्हर मासिकाने या जीटीओची परीक्षा छापली. पाव मैल १३.१ सेकंदांत! लोक वेडे झाले. पॉन्टिअॅकच्या जाहिराती सांभाळणारा जिम वँगर्स (हा स्वतः पट्टीवरचा पट्टीचा माणूस, १९६० च्या एनएचआरए नॅशनल्समध्ये टॉप स्टॉक जिंकलेला) याने कित्येक वर्षांनी कबूल केलं की मासिकाला दिलेल्या त्या गाडीत ३८९ नव्हतंच. बॉनेटखाली ४२१ घन इंचांचं इंजिन बसवलं होतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, ओळखणार कोण?

ही झाली सरळ फसवाफसवी. दुसरा प्रकार जास्त सभ्य आहे, तो म्हणजे मोजण्याची पद्धत. १९७१ पर्यंत अमेरिकेत ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर छापायचे. इंजिन गाडीतून बाहेर, स्टँडवर. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरसारखं ओझं नाही. गाडीत बसवल्यावर हे सगळं परत येतं आणि ताकद खाली येते. १९७१ मध्ये जीएमने दोन्ही आकडे छापले म्हणून हा फरक आपल्याला पांढऱ्यावर काळा दिसतो: शेव्हरोलेचं ४५४ घन इंचांचं एलएस-५ इंजिन ग्रॉस ३६५, नेट २८५. इंजिन तेच, ऐंशी घोडे कागदावरच मेले. माझ्या मित्राचे त्रेसष्ट तिथेच गेलेत, दुसरीकडे शोधायला नको.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो: मुद्दाम कमी सांगणं.

असं कोण करेल? दोन कारणं होती. एक, विमा कंपन्या. पंचवीस वर्षांच्या आतल्या पोराने जास्त हॉर्सपॉवरची गाडी घेतली की प्रीमियम असा यायचा की हप्त्यापेक्षा तोच जड. दुसरं, खुद्द एनएचआरए. स्टॉक आणि सुपर स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आलेल्या गाड्यांच्या शर्यती, यांतले वर्ग ठरायचे गाडीचं वजन भागिले हॉर्सपॉवर यावर. कंपनीने हॉर्सपॉवर कमी सांगितली की गाडी हळू गाड्यांच्या वर्गात जाते आणि तिथे सगळ्यांना धुते.

फोर्डचं ४२८ कोब्रा जेट हे त्याचं नमुनेदार उदाहरण. ऱ्होड आयलंडचा फोर्ड डीलर बॉब टास्का कंपनीच्या मागे लागला की मस्टँगला धड इंजिन द्या, शेव्हरोलेवाले आपल्याला रोज हरवतायत. १९६८ ला पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या एनएचआरएच्या शर्यतींत कोब्रा जेट मस्टँग उतरल्या आणि अल जोनिएकने सुपर स्टॉक एलिमिनेटर हा किताब जिंकला. कंपनीचा आकडा होता ३३५. हो, रोडरनरचाही तोच! पण एका मासिकाच्या चाचणीत ही मस्टँग पाव मैल १३.५६ सेकंदांत गेली, शेवटी वेग ताशी १०६.६४ मैल. एनएचआरए काही दूधखुळी नव्हती. तिने पुढे कंपन्यांचे आकडे बाजूला ठेवून स्वतःचे आकडे लावायला सुरुवात केली.

पॉन्टिअॅकची गंमत तर वेगळीच. १९६७ च्या फायरबर्ड ४०० ला जीएमचा आतला नियम आडवा आला: दहा पौंड वजनामागे एकापेक्षा जास्त हॉर्सपॉवर नको. इंजिन जवळपास जीटीओचंच, मग काय केलं? कार्ब्युरेटर (इंजिनला हवा-पेट्रोल देणारा भाग) उघडणाऱ्या दांड्यांवर पत्र्याची एक बारीक जीभ लावली. तिच्यामुळे मागची दोन तोंडं पूर्ण उघडायचीच नाहीत. ब्रोशरमध्ये ३२५. गाडी घरी आणल्यावर माहीतगार मालक पहिल्या रविवारी पक्कड घ्यायचे आणि ती जीभ वाकवायचे. झालं काम.

चला, परत चिठ्ठीकडे. [स्क्रीनवर टाइम स्लिप मोठी]

वरची ओळ रिअॅक्शन टाइम. सुरुवातीच्या रेषेवर मध्ये दिव्यांचा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. वरचे दोन बारीक दिवे सांगतात की पुढचं चाक प्रकाशकिरणात आलंय. मग तीन पिवळे, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा. हिरवा बघून क्लच सोडलात तर उशीर झाला, तिसऱ्या पिवळ्यालाच पाय सुटायला हवा. आणि घाई केलीत तर लाल लागतो, तुम्ही बाद. एक गोष्ट नवख्यांना कळत नाही: तुमचं घड्याळ हिरव्याला सुरू होत नाही, चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं. म्हणून हिरव्यानंतर डुलकी काढली तरी वेळ चांगली येऊ शकते. रेस मात्र गेलेली असते.

दुसरी ओळ: ६० फूट, २.३१ सेकंद. माझ्या मते चिठ्ठीवरची सगळ्यात मोलाची ओळ हीच. पहिल्या अठरा मीटरांत इंजिनची नाही, टायरची परीक्षा असते. १९६८ च्या धर्तीचे अरुंद टायर, मागे पाट्यांचे (लीफ) स्प्रिंग. जास्त आरपीएमवर क्लच सोडला की धूर भरपूर, फोटो झकास, आणि गाडी जागच्या जागी.

खाली शेवटची वेळ: १४.४८. आणि शेवटच्या ६६ फुटांत मोजलेला वेग: ताशी ९८ मैल. पट्टीवरचे लोक या वेगावरून ताकद काढतात. वेगाला २३४ ने भागा, उत्तराचा घन करा, गाडीच्या ड्रायव्हरसह पौंडातल्या वजनाने गुणा. रोडरनरचं वजन ३,७०० धरलं की येतात २७२. हीच रीत त्या मस्टँगला लावा. ३,६०० पौंड धरले तर ३४० च्या वर निघतात, आणि हे गाडीत बसवलेल्या इंजिनचे, म्हणजे नेटच्या जवळचे. ब्रोशरवर ग्रॉस ३३५! आता सांगा कोण किती खरं बोलत होतं.

आणि ही दुसरी चिठ्ठी, त्याच दिवसाची. ६० फूट २.१२, शेवटची वेळ १४.२०, वेग तोच ९८. इंजिनला हातसुद्धा लावलेला नाही. मागच्या टायरची हवा थोडी उतरवली आणि क्लच हलक्या पायाने सोडला, एवढंच. वेग ताकद सांगतो, वेळ ड्रायव्हर आणि टायर सांगते.

जाता जाता: सुरुवातीला पाणी टाकलेली जागा असते, तिथे टायर फिरवून तापवतात. तुमच्या गाडीला रस्त्यावरचे खाचांचे टायर असतील तर ते पाणी वळसा घालून टाळा. खाचांत पाणी अडकतं, रेषेवर ठिबकतं, आणि मागचे लोक शिव्या देतात. योग्यच देतात.

आता अशी गाडी बाळगायची म्हणजे काय? रोडरनर नवी होती तेव्हा २,८९६ डॉलरपासून मिळायची. आत गालिचासुद्धा नव्हता, पोरांना परवडावी म्हणून. आज त्या किमतीत तिचं नीट रंगकामही होणार नाही. दुसऱ्या टोकाला प्लायमथचीच १९७१ ची हेमी इंजिनवाली कूडा कन्व्हर्टिबल: २०१४ मध्ये एक ३५ लाख डॉलरला लिलावात गेली.

इतका पैसा आला की नकली माल येतोच. १९६४ आणि ६५ ची जीटीओ घेताना जपून, कारण तेव्हा ती ऑप्शन होती, गाडीच्या कारखान्यातल्या नंबरावरून (व्हीआयएन) लमाँ आणि जीटीओ वेगळी कळत नाही. १९६६ पासून नंबर २४२ ने सुरू होतो, मग फसवणं अवघड. क्रायस्लरच्या गाड्यांत (प्लायमथ त्यांचीच) कारखान्याचा मूळ कागद कधी कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. ज्याला सापडला त्याची लॉटरी. आणि लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्याला चिकटला नाही तर रंगाखाली लांबीचा (पुट्टीचा) थर आहे.

मग रोजची डोकेदुखी. कॉम्प्रेशन दहा-अकराला एक, म्हणजे पंपावरचं भारीतलं पेट्रोल लागणार. अमेरिकेतलं ९३ ऑक्टेन म्हणजे आपल्या मोजणीने साधारण ९७-९८, गोंधळू नका. पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. कॅमशाफ्टसाठी जास्त झिंकचं ऑइल शोधावं लागतं. आणि ब्रेक! चारही चाकांना ड्रम, ताशी शंभर मैलांच्या आसपास रेषा ओलांडलीत, पायाखाली पेडल आहे खरं, पण गाडी एका बाजूला ओढते आणि थांबायचं मनावर घेत नाही. पाव मैल संपल्यावरचा तुकडाच खरा घाम फोडतो. शिवाय विम्याचा कागद वाचा, वेळ लावून पळवण्याला बहुतेक पॉलिसी हात वर करतात.

मिशिगनमध्ये तर अजून एक गंमत आहे. डेट्रॉईटच्या आसपास मोटार कंपन्यांत आपले मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत, त्यांना हे माहीत असेल. तिथे जुन्या गाडीला स्वस्तातली ‘हिस्टॉरिक’ नंबरपाटी मिळते, पण मग गाडी फक्त मेळावे, प्रदर्शनं, मिरवणुका यांसाठीच काढायची. अपवाद ऑगस्ट महिना, तेव्हा मजेखातर फिरायला मोकळीक! वुडवर्ड अॅव्हेन्यूवरचा ड्रीम क्रूझही ऑगस्टमध्येच असतो. ज्या रस्त्यावर साठच्या दशकात पोरं सिग्नलला रेसा लावायची, तिथे आता त्याच गाड्या हळूहळू रांगेने जातात.

पळताना बघायच्या असतील तर त्याच राज्यात स्टँटनजवळ मिड-मिशिगन मोटरप्लेक्सला प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग्ज भरतात. नियम कडक: गाडी कारखान्यातून आली तशी हवी, टायरही त्या काळच्या धर्तीचे. आधी सगळ्यांच्या वेळा घेतात, मग जवळजवळ सारख्या वेळेच्या दोन-दोन गाड्यांची जोडी लावतात, तीनपैकी दोन जिंकेल तो विजयी. म्हणून तिथे साडेचौदा सेकंदांच्या गाडीलाही तेवढीच टाळी मिळते. अजिंक्य ब्रोशर घेऊन आलेले काही जण दुपारपर्यंत गप्प होतात, ते बघायला मला विशेष मजा येते.

तुमच्याकडे कुठल्याही गाडीचं वजन आणि पाव मैलाच्या शेवटचा वेग असेल तर खाली लिहा, आकडा काढून देतो. पुढच्या वेळी क्रायस्लरचं ४२६ घन इंचांचं हेमी इंजिन: कंपनीने सांगितलेले ४२५ आणि स्ट्रिपवरच्या चिठ्ठ्या.