काठ कुठवर?

(पडद्यावर : पावसाळा, बाबा भिडे पूल)

पाऊस किती झाला, असं पुण्यात कुणी विचारत नाही. मुठेवरचा ठेंगणा भिडे पूल बुडाला का, असं विचारतात. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतंय त्याचे, आकडे फोनाफोनी फिरतात आणि लोक छत्र्या घेऊन मुठा बघायला येतात. उरलेलं वर्ष तेच लोक त्याच पुलावरून नाक दाबून जातात.

(पहाट. राम-मुळा संगम)

बाणेर-औंधच्या मधोमध रामनदी मुळेला मिळते ती ही जागा. पाण्याला इथेही वास आहे, खोटं कशाला बोला. पण काठ अजून जिवंत आहे. ही वाळुंजाची झाडं बघा. वाळुंज पाण्यात पाय सोडूनच वाढतो. पुरात आडवा होतो, पाणी ओसरलं की पडल्या खोडातून पुन्हा फुटतो. शेजारी करंज, उंबर. त्यांच्या मुळाशी ओल आहे, कुठे कुठे झरे अजून वाहतात.

हाच काठ महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात येतो. मुळा, मुठा आणि दोघी एकत्र होऊन वाहते ती मुळा-मुठा, मिळून 44 किलोमीटर. अंदाजे खर्च 4,727 कोटी रुपये. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या वास्तुरचना संस्थेचा; साबरमतीचा काठ बांधला तोही त्यांच्याच आराखड्यानं. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांनी पायाभरणी केली.

महापालिकेचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पात्रात राडारोडा पडतो, अतिक्रमणं होतात, नदीकडे जायला धड वाट नाही. चालायला रस्ता आणि बसायला सावली कुणाला नको आहे? पुराचं पाणीही अडणार नाही, असं महापालिका सांगते.

पण साबरमतीत शहरापुरतं नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडतात. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं बसली आहेत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ते सांगणारी माणसं पेठांत अजून भेटतात. आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं. बाहेर आलेल्या गाद्या कितीतरी दिवस फुटपाथवर वाळत होत्या. अशा गावात काठाला भराव घालून बांध उभे करायचे, म्हणजे नदीचं अंग चोरायचं. विरोधकांचा पहिला मुद्दा हाच.

दुसरा मुद्दा साधा आहे, आणि मला विचाराल तर जास्त बोचणारा. मैलापाणी शुद्ध करायला जपानी कर्जातून 11 केंद्रांची योजना केंद्रानं 2016 मध्ये मंजूर केली. ती रखडत राहिली आणि काठाचं दगडकाम पुढे निघालं. म्हणजे अंघोळीआधीच पावडर.

(मोर्चाची दृश्यं)

एप्रिल 2023 मध्ये या प्रकल्पात तोडायच्या झाडांसाठी हजारो पुणेकर उन्हात रस्त्यावर उतरले. मोर्चाला नाव दिलं चिपको. आज्या होत्या, कडेवरची पोरं होती, आयटीतली मंडळी होती. फेब्रुवारी 2025 मध्ये असाच मोर्चा इथे, बाणेरला निघाला. तोडलेल्या झाडांच्या कितीतरी पट नवी लावू, हे महापालिकेचं आश्वासन तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. पण रोपवाटिकेतून आणलेलं रोप म्हणजे वाळुंजाची राई नव्हे. तिच्याखालची ओल खड्डा खणून लावता येत नाही.

(संध्याकाळ. पुन्हा संगम)

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीला दोन रेघा असतात. निळी, पंचवीस वर्षांतून येणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांतून येणाऱ्या पुराची. इथे काठावर रेघ नाही. वाळुंजाच्या फांद्यांत चिंध्या, दूध पिशव्या आणि एका साडीचा काठ अडकून राहिला आहे. मागच्या पुरात पाणी तिथवर चढलं होतं.

आमच्या कॅमेरामननं हात वर केला. पोचला नाही.