एका दोषाची वही

[तोफेचा आवाज. मग डोंगराच्या कुशीतलं एक दगडी घर.]

1521 सालचा मे महिना. उत्तर स्पेनमधल्या पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच फौज चालून आली आहे. तोफेचा गोळा एका बास्क सरदारपुत्राच्या पायावर बसतो आणि हाड मोडतं. घरी, लोयोलाला, आणल्यावर वैद्य हाड जुळवतात, पण गुडघ्याखाली त्याचं टोक वर आलेलं राहतं. तंग, उंची बुटात आता पाय नीट दिसणार नाही. तो वैद्यांना म्हणतो, कापून टाका. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. मुठी आवळून तो पडून राहिला आणि हाड करवतीने कापून घेतलं. बुटांसाठी!

हाच पुढे संत इग्नेशियस लोयोला म्हणून ओळखला गेला.

अंथरुणात वेळ जाईना म्हणून त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. त्या वाचता वाचता त्याचं मन पालटलं. चरित्रकार या प्रसंगात रमतात, आणि ते साहजिकही आहे. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण मन एका आजारपणात पालटलं तरी स्वभाव कुठे पालटतो?

[मान्रेसा. कार्दोनेर नदीचं पात्र.]

1522 मध्ये तो मान्रेसा गावी येऊन राहिला. पूर्वी केसांची फार निगा राखायचा, म्हणून आता केस वाढू दिले, नखंही. रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना. केलेली पापं धर्मगुरूंपुढे कबूल करून झाली, तरी काहीतरी सांगायचं राहिलं या शंकेने तो पुन्हा पुन्हा जायचा. जीव द्यावा असंही मनात येऊन गेलं. एकदा आठवडाभर अन्न तोंडात घेतलं नाही. शेवटी धर्मगुरूंनी बजावलं, तेव्हा उपास सुटला. बुटांसाठी हाड कापून घेणारा हट्ट जसाच्या तसा होता, फक्त आता तो देवाच्या दारात धरणं धरून बसला होता.

हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही ओढाताण देवाकडून आलेली नाही. केस कापले, नखं काढली. आणि स्वतःवर काय गुजरतंय ते टिपून ठेवायला लागला. त्या टिपणांचं पुस्तक 1548 मध्ये रोमला, पोपच्या मान्यतेने छापलं गेलं. त्यातलं एक पान बघण्यासारखं आहे.

[कोरा कागद. हात रेघा ओढतो.]

पानावर आडव्या रेघा आहेत, प्रत्येक दिवसाला दोन. रेघांपुढे एक अक्षर असतं. रविवारचं मोठं, सोमवारचं त्याहून लहान, मंगळवारचं आणखी लहान. म्हणजे आठवडा सरेल तसा दोष उतरत जावा, ही आशा पानाच्या आखणीतच धरलेली.

दोष एकच निवडायचा. समजा, चारचौघांत दुसऱ्याला टोमणा मारून त्याला छोटं करायची खोड. सकाळी उठताच ठरवायचं, आज या एका बाबतीत सांभाळायचं. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा तोल गेला तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्री जेवल्यावर हेच खालच्या रेघेवर. मग दुपार आणि रात्र, काल आणि आज, हा आठवडा आणि मागचा, असं ताडून बघायचं. दुकानदार कीर्द लिहितो तसंच हे.

टोमणा तोंडून निसटला की त्याच क्षणी हात छातीवर न्यायचा आणि मनातल्या मनात खेद करायचा. इग्नेशियस पुढे आवर्जून लिहितो, की हे माणसांच्या घोळक्यातही करता येतं, कोणाच्या लक्षात येत नाही. दरबारात वाढलेल्या माणसालाच असली सूचना सुचावी.

पण नुसते ठिपके मोजत बसलं तर माणूस पुन्हा मान्रेसाच्या त्या कोंडीत सापडेल. म्हणून याला जोडून असलेलं रोजचं विवेकपरीक्षण कबुलीने सुरू होत नाही, उपकार मानण्याने होतं. आधी मिळालेल्याबद्दल देवाचे आभार. मग आपलं चुकलेलं दिसावं म्हणून कृपा मागणं. तिसरी पायरी दिवसाच्या हिशेबाची, चौथी क्षमा मागण्याची, पाचवी सुधारण्याच्या निश्चयाची, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. हा क्रम उलटा केला तर साधनेचं नुसतं स्वतःला कोसणं होईल, असं आम्हाला वाटतं.

[जुन्या गोव्याचं चर्च, बॉम जेझू.]

पॅरिसला शिकताना इग्नेशियसच्या खोलीत राहिलेला फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला. त्याचं शव आज इथे, बॉम जेझूमध्ये आहे. दोघांनी इतर सोबत्यांसह उभारलेल्या येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघात, दिवसातून दोनदा परीक्षण करण्याची रीत पहिल्यापासून आहे.

1551 मध्ये एका पोर्तुगीज सहकाऱ्याने रोमला असलेल्या इग्नेशियसला विचारलं, शिकणाऱ्या तरुणांनी ध्यान किती करावं? उत्तर आलं ते असं. अभ्यास चालू असताना लांबलचक ध्यान नको. रोजची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि प्रार्थनेला तासभर, दोन्ही वेळचं परीक्षण त्यातच. बाकी देवाला शोधायचं ते बोलताना, चालताना, बघताना, जेवताना, ऐकताना, समजून घेताना, आणि जे जे करू त्यात.