बेड्या घालणारा आणि घातलेला

नमस्कार श्रोतेहो. आज 'द वायर' या अमेरिकी मालिकेविषयी. २००२ ते २००८, पाच पर्वं, ६० भाग, आणि सगळं घडतं ते बाल्टिमोर या एकाच शहरात. वायर म्हणजे पोलिसांनी कोर्टाच्या परवानगीनं ऐकलेला टेलिफोन. पण ही चोर-पोलिसांची गोष्ट नाही बरं का, ही शहराची गोष्ट आहे. आधी कोपऱ्याकोपऱ्यावर गर्द विकणारी पोरं, मग गोदी कामगार, मग महापौरपदाचं राजकारण, शाळा, आणि शेवटी वर्तमानपत्र. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. (हल्ली कुणी नुसती मान वळवली तरी तीनदा ढोल वाजतो. असो.)

मला खरं सांगायचाय तो मेल्विन विल्यम्सचा किस्सा.

साल १९८४. बाल्टिमोरच्या पोलिस खात्यातले एड बर्न्स यांनी टेलिफोन ऐकून ऐकून हेरॉइनचा एक बडा व्यापारी पकडला. तो हा विल्यम्स. डेव्हिड सायमन तेव्हा 'बाल्टिमोर सन'चे वार्ताहर. त्यांनी १९८७ मध्ये त्याच्यावर अख्खी लेखमाला लिहिली. लक्षात ठेवा, एकानं पकडलं, दुसऱ्यानं छापलं. पुढे याच दोघांनी मिळून 'द वायर' उभी केली. २००३ मध्ये विल्यम्स तुरुंगातून सुटला, आणि २००४ च्या तिसऱ्या पर्वात या दोघांनी त्यालाच भूमिका दिली. कसली? चर्चमधल्या डीकनची, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसाची! वाट चुकलेल्यांना हात देणारा, हळू आवाजात बोलणारा सज्जन.

आता पुढे ऐका. या पर्वात कॉल्विन नावाचा पोलिस अधिकारी ओसाड घरांची जागा नेमून देतो. गर्द इथं विका, पकडणार नाही, पण बाकीची वस्ती सोडा. तो कौतुकानं डीकनला ती जागा दाखवायला नेतो. डीकन हादरतो. प्यायला पाणी कुठाय, संडास कुठायत, म्हणून त्यालाच फैलावर घेतो. म्हणजे बघा, गर्दपायी माणसांचं काय होतं, हे पोलिसाला कोण सुनावतंय? ज्यानं तोच धंदा केला तो! आणि त्याला ही भूमिका देणाऱ्यांत एक होता त्याला पकडणारा.

मी हा प्रसंग चारदा पाहिलाय. पण त्या हेरॉइननं ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना हा डीकन बघवला असेल का? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांसाठी मालिकेला फक्त दोन नामांकनं, दोन्ही लेखनाची, आणि बक्षीस एकही नाही. बक्षीस समित्यांवर माझा तसाही विश्वास नाही. पुढे हार्वर्डमध्ये समाजशास्त्राच्या वर्गात ही मालिका शिकवली गेली. पुन्हा तेच, शहराची गोष्ट!

बर्न्स पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्याच शहरात शिक्षक झाले, आणि चौथ्या पर्वातली शाळा तिथूनच आली. खरं तर तेच सर्वांत चांगलं पर्व, त्याच्यावरच बोलायचं ठरवून आलो होतो. पण काचेपलीकडून हात हलायला लागलाय. नमस्कार.