मार्चमधला मूस

श्रोतेहो, नमस्कार.

अलास्काच्या जंगलात मार्चमध्ये दिवस मोठा होतो, बर्फावर ऊन चकाकू लागतं. हिवाळा सरला, असं आपल्याला वाटेल. पण मूस या हरणांच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या प्राण्याचे खरे हालाचे दिवस हेच.

थंडीचं त्याला फारसं भय नसतं. अंगावरचे लांब केस आतून पोकळ असतात, ऊब धरून ठेवतात. प्रश्न असतो पोटाचा. उन्हाळ्यातला हिरवा पाला, तळ्यातल्या पाणवनस्पती केव्हाच संपल्या. उरल्या विलो आणि बर्च या झाडांच्या निष्पर्ण काटक्या. गाई-म्हशींप्रमाणेच मूसलाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी तो झाडाची साल खरवडून काढतो. या चाऱ्यात सत्त्व इतकं कमी, की पोट भरलं तरी अंगाची झीज भरून येत नाही. हिवाळ्याआधी साठवलेली चरबी रोज थोडी थोडी जळत जाते.

मग तो अंथरूण पाहून पाय पसरतो. कमी चालतो, बराच वेळ बसून रवंथ करतो. नर तर हिवाळ्यात शिरतो तोच रोडावलेला, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात माजावर असताना त्याचं खाण्याकडे लक्षच नसतं. आणि मादी या उपासमारीत पोटात वासरू वाढवत असते! ती विते मे-जूनमध्ये.

त्यात बर्फाचा दगा. दिवसा वितळलेला थर रात्री गोठून कडक होतो. लांडगा त्यावरून पळतो. मूसचा पाय मात्र आत रुततो. तिकडे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांमध्ये दुष्काळात तेरावा महिना म्हणजे गोचीड. एकेका जनावरावर हजारोंनी. मार्च-एप्रिलमध्ये त्या रक्त पिऊन टम्म फुगतात आणि पहिलाच हिवाळा पाहणारी कितीतरी वासरं रक्त आटून मरतात. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं.

दयेपोटी कुणी वाळलं गवत किंवा धान्य घातलं, तर? मूसच्या पोटातले सूक्ष्मजीव तोवर काटक्यांना सरावलेले असतात. अचानक धान्य मिळालं तर पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी जनावर दगावू शकतं. अलास्कात मूसला खायला घालणं बेकायदा आहे, ते योग्यच आहे.

कधी तिकडे जाणं झालं आणि साफ केलेल्या रस्त्यावर मूस उभा दिसला, तर हॉर्न वाजवू नका. गाडी थांबवा. बाजूच्या छातीभर बर्फात उतरण्याइतकी ताकद कदाचित त्याच्यात उरलेली नसेल.