थ्रेड संपेपर्यंत थांबायचं कसं

(वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

सकाळी लॅबमध्ये तुमचे प्रोग्रॅम पाहिले. बहुतेकांनी थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी कामं, सुरू केले आणि मेन या मुख्य फंक्शनच्या शेवटी लिहिलं: स्लीप, म्हणजे नुसतं थांबा, पाच सेकंद. का, विचारलं तर उत्तर एकच, "तेवढ्यात होऊन जाते ना सर." तुमच्या मशीनवर, आजच्या फाइलवर होऊन जातं. उद्या फाइल मोठी आली की नाही होणार.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. विदर्भाचे जिल्हे 11. समजा प्रत्येक जिल्ह्याच्या पावसाच्या नोंदींची एक फाइल आहे, आणि अशा नोंदी मोजायला आपण 11 थ्रेड लावले. शेवटी बेरीज मेन करणार. स्लीप संपली तेव्हा गडचिरोलीचा थ्रेड अर्ध्यावरच असला तर? बेरीज छापली जाते, मेन परततं, आणि मेन परतलं की अख्खी प्रोसेस संपते, चालू थ्रेडसकट. एरर येत नाही. आकडा दिसायला बरोबर दिसतो, त्यात गडचिरोली नसते, एवढंच. अशा आकड्यावर कुणाची नुकसानभरपाई ठरणार असेल, तर हा प्रोग्रॅम न लिहिलेला बरा.

म्हणून पीथ्रेड-जॉइन, म्हणजे सांगितलेला थ्रेड संपेपर्यंत थांबणारं फंक्शन. एका लूपमध्ये 11 थ्रेड सुरू करा, दुसऱ्या लूपमध्ये 11 वेळा जॉइन करा. लूप दोनच हवेत. एकाच लूपमध्ये क्रिएट करून लगेच जॉइन केलं, तर बुलढाणा संपल्याशिवाय अकोला सुरूच होत नाही. मग थ्रेड कशाला लावले? आता तुम्ही म्हणाल, बुलढाण्यावर थांबलो आणि अकोला आधीच संपला तर? काही बिघडत नाही. संपलेल्या थ्रेडचा निकाल राखलेला असतो, त्याची पाळी आली की जॉइन लगेच परततं.

काही जणांनी 'डन' नावाचं व्हेरिएबल ठेवून व्हाइल लूप फिरवलं होतं. त्यात एक कोर फुकट जळतो. त्याहून वाईट म्हणजे, एक थ्रेड लिहितोय आणि दुसरा कुलुपाशिवाय वाचतोय, ही डेटा रेस आहे. व्हेरिएबलला व्होलाटाइल हा शब्द लावून ती जात नाही. जॉइनमध्ये वाट पाहणारा थ्रेड झोपलेला असतो. लिनक्सवर थ्रेड संपताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच्या ओळख-क्रमांकाची जागा शून्य करतं आणि फ्युटेक्सवर, म्हणजे वाट पाहण्याच्या कर्नलच्या सोयीवर, थांबलेल्याला उठवतं. शिवाय जॉइन परतलं की त्या थ्रेडनं मेमरीत लिहिलेलं सगळं तुम्हाला दिसणार, ही हमी आहे.

वेचणीच्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजून घेतल्याशिवाय हिशेब होत नाही. जॉइन म्हणजे ते मोजून घेणं. दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून थ्रेडनं परत केलेला पॉइंटर मिळतो. तो थ्रेडच्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता नसावा. लोकल व्हेरिएबल थ्रेडच्या स्टॅकमध्ये असतात; थ्रेड संपला की तो स्टॅक गेला. निकाल ठेवायला 11 स्ट्रक्टचा ॲरे करा, प्रत्येकाला आपापला द्या. लूपमधल्या 'आय'चा पत्ता सगळ्यांना देऊ नका, तो बदलत राहतो.

परतीची किंमत तपासा. शून्य म्हणजे झालं. एररचा क्रमांक फंक्शन स्वतःच परत करतं, एररनो या नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये ठेवत नाही, त्यामुळे एररनो वाचून संदेश छापणारं पीएरर भलतंच सांगू शकतं. एकाच थ्रेडला दोनदा जॉइन केलं तर काय होईल, याची काहीच खात्री नाही.

आणि कधीच जॉइन केलं नाही तर? थ्रेड संपला तरी त्याची साधनं अडकून राहतात. महिनोन् महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये ती साचत जातात आणि एक दिवस नवा थ्रेड सुरूच होत नाही. निकाल नकोच असेल तर पीथ्रेड-डिटॅच करा, म्हणजे थ्रेड संपला की त्याची साधनं आपोआप सुटतात. मग जॉइन मात्र करता येत नाही.

मागून प्रश्न आलाय: जो आधी संपेल त्याला आधी घ्यायचं असेल तर? पॉझिक्समध्ये, म्हणजे ही पीथ्रेड फंक्शनं ठरवणाऱ्या मानकात, "कोणताही एक" असं जॉइन नाही. म्युटेक्स म्हणजे कुलूप, मोजणीचं एक व्हेरिएबल आणि सिग्नल येईपर्यंत थ्रेडला झोपवणारं कंडिशन व्हेरिएबल घ्या. थ्रेडनं काम झालं की कुलूप लावून मोजणी वाढवायची आणि सिग्नल द्यायचा. मेननं व्हाइलमध्ये मोजणी तपासत कंडिशनवर थांबायचं. इफ चालत नाही, कारण कधीकधी सिग्नल नसतानाही जाग येते. आणि शेवटी सगळ्यांना जॉइन करायचंच.