पाळी गेल्यानंतर सोयाबीन: जेवणात की गोळीत?

मैत्रिणींनो, पाळी गेली की बायका हमखास विचारतात, ‘सोयाच्या गोळ्या सुरू करू का?’ पाकिटावर तर लिहिलेलंच असतं: वाफा (अंगात अचानक उठणारी गरम लाट) थांबतील, हाडं मजबूत होतील. या दोन दाव्यांबद्दल आज सविस्तर बोलायचंय.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन गटातली द्रव्यं असतात. त्यांची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती, म्हणून ती पेशीतल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे ते जिथे चिकटून काम करतं त्या जागांना, जाऊन चिकटतात. हे ग्राही दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध लागला १९९६ मध्ये, स्वीडनमध्ये. आयसोफ्लेव्होनांचा ओढा या बीटाकडे जास्त, आणि जोर आपल्या स्वतःच्या इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे गेलेल्या संप्रेरकाची जागा सोयाबीन घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आतड्यातले काही जीवाणू डेडझीनपासून इक्वॉल नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते जास्त प्रभावी असतं. पण हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांत इक्वॉल बनतं, पाश्चात्त्य देशांत पंचवीस ते तीसएक टक्के लोकांत. शेजारणीला गुण आला आणि तुम्हाला आला नाही, याचं एक कारण इथे असू शकतं.

आता हाडं. अमेरिकेत मायामीला २४८ बायकांवर दोन वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना रोज २०० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: हाडांची झीज थांबली नाही. वाफांच्या बाबतीत इतर काही चाचण्यांत थोडा फरक दिसला, काहींत काहीच नाही. म्हणून हाडांसाठी या गोळ्यांवर पैसे घालवू नका, असं मी स्पष्ट सांगते. चालणं, वजन उचलण्याचा व्यायाम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांनी दिलेलं औषध, हा खरा मार्ग.

जेवणातलं सोयाबीन मात्र जरूर खा. प्रथिनं उत्तम असतात. मराठवाडा-विदर्भात एवढं पिकतं, पण तेल काढून पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि ताटात येतं ते तेल. त्या तेलात आयसोफ्लेव्होन जवळपास नसतातच! भिजवून शिजवलेले दाणे, पिठात मिसळलेलं थोडं सोयाबीन, वड्यांची उसळ, हे घरात आणा.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बायका सोयाबीनला घाबरतात. शांघायमधल्या ५,०४२ अशा स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आहारात सोया जास्त असलेल्यांत आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. हे अन्नाबद्दल आहे, गोळ्यांबद्दल नाही. गोळी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोयाबीन यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर का असेना, तर सोयाबीनमुळे असेल म्हणून घरी बसू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.